डावा कौल

हे मी इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नाही. विषय निघाला की मी उठून जायचो, चहा टाकायला सांगायचो, नाहीतर यंदाच्या मोहोराबद्दल बोलायला लागायचो. आता विषय काढणारंही कोणी उरलेलं नाही आणि मी लिहायला बसलो आहे. यातही माझी लबाडी आहे, हे मला कळतं.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात शाळामास्तर होतो. धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. मेहुणे मुंबईला नोकरीत असतानाच वारले. तिच्याकडे राहिली थोडी हापूसची कलमं, सड्याच्या, गावावरच्या कातळपठाराच्या, कडेला घर आणि एकुलता एक मुलगा.

१९९८ साली मुलगा बारावी सायन्स पास झाला आणि हवाई दलात जायचं म्हणाला. हे खूळ त्याच्या डोक्यात मीच घातलं होतं. तरुणपणी मी स्वतः भरतीसाठी मुंबईला गेलो होतो आणि कानाच्या पडद्यावरून परत आलो होतो. लहानपणी खाडीत बुड्या मारताना तो पडदा फाटला होता. पुढे शाळेत पंधरा ऑगस्टची कवायत मी घेत असे. दर वर्षी पोरांच्या रांगेकडे बघून वाटायचं, यातला एक तरी जावा. कोणी गेलं नाही. भाचा जाईल असं दिसल्यावर मी त्याच्या मागेच लागलो. सकाळी तो सड्यावर धावायचा आणि मी सायकलवर मागे. दुपारी गणित, संध्याकाळी इंग्रजी. कानाजवळ घड्याळ धरून टिकटिक ऐकू येते का, तेही मी बघायचो.

त्याला विमान चालवायचं नव्हतं. त्याला इंजिनं उघडून बघायची होती. बागेतला फवारणीचा पंप तो डोळे मिटून सुटा करायचा.

"मामा, उडणारा एक असतो," तो म्हणायचा, "पण त्याला वर धरणारे खाली किती असतात!"

बहीण माजघरातून ओरडायची, "पंपच दुरुस्त करायचा ना? घरात आहे तो. त्याला सरकार कशाला हवं?"

"आई, त्या पंपाला पंख नाहीत."

"तुला तरी कुठे आहेत? सुकट खाऊन वाढलेलं पोर ते!"

हसायची, पण होकार देत नव्हती. शेवटी म्हणाली, "दादा, मला यातलं कळत नाही. देवीला विचारते. उजवा कौल दिला तर जाऊ दे. डावा दिला, तर परत हा विषय माझ्या घरात काढायचा नाही. तूसुद्धा."

आमच्याकडे मोठं काही करायचं असलं, लग्न, घर, वाटणी, तर ग्रामदेवतेचा कौल घेतात. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीची संमती. डावीकडची पडली तर नाही. मी हे मानत नव्हतो. शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचो. ओली पाकळी वाळली की सुटते, कुठली आधी सुटेल ते वाऱ्यावर असतं, असं मी चारचौघांत म्हणायचो.

मंगळवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. भाचा बाहेर पारावर बसला. बहीण गाभाऱ्याबाहेर हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. आत अंधार होता, एक समई तेवत होती. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी होतो. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझं लेकरू मुलूख सोडून जायचं म्हणतंय. धाडायचं असेल तर उजवा दे. ठेवायचं असेल तर डावा दे. काय ते तुझ्या मनानं दे."

आम्ही थांबलो. बाहेर कावळा ओरडत होता, तोही थांबला. मला बहिणीचा श्वास ऐकू येत होता.

डावी पाकळी पडली.

गुरव वळला, सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी मोठ्यानं म्हणालो, "उजवा! उजवा दिला गो देवीनं!"

हे ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. बहिणीनं डोळे उघडले आणि तिथेच जमिनीला डोकं टेकलं. गुरव माझ्याकडे बघत राहिला. त्याची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती, गावात माझ्या शब्दाला मान होता. त्यानं वाकून डावीकडची पाकळी उचलली, मुठीत बंद केली आणि दुसऱ्या हातानं बहिणीला नारळ दिला.

निघताना मी मागे रेंगाळलो. तो मला पाहून हळूच म्हणाला, "गुरुजी, तोंड तुमचं होतं. माझं नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा."

"अहो, पाकळीच ती," मी म्हणालो.

"होय, पाकळीच," तो म्हणाला आणि मुठीतली पाकळी देवीच्या पायाशी ठेवली.

भाचा लेखी परीक्षेत आणि तपासणीत पास झाला. त्याचे कान उत्तम निघाले. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर त्याला सोडायला गेलो तेव्हा आनंद मलाच जास्त झाला होता. गाडी हलली आणि त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. डावा हात. तो खिडकीच्या त्या बाजूला बसला होता, दुसरं काही कारण नव्हतं. पण मी हात वर करायचा थांबलो.

तेव्हापासून ते सुरू झालं. जन्मभर कौल न मानणारा मी, गावात गुरव सोडला तर त्या डाव्या पाकळीवर विश्वास ठेवणारा एकटा झालो. पुढच्या उन्हाळ्यात सीमेवर युद्ध पेटलं. भाचा दूर दक्षिणेत प्रशिक्षण घेत होता, त्याचा युद्धाशी संबंध नाही हे मला ठाऊक होतं. तरी पोस्टमन आमच्या पाणंदीकडे वळला की मी हातातलं काम टाकून बेड्याशी जाऊन उभा राहायचो. बहीण मात्र निर्धास्त. आंबे पेटीत भरताना बायका विचारायच्या, "काळजी नाही वाटत गो तुला?"

"कसली? देवीनं उजवा दिलाय. माझ्या दादानं डोळ्यांनी बघितलाय."

युद्ध संपलं. मी गुरवाला सुटल्यासारखं सांगितलं, "बघितलंत? पोर सुखरूप आहे."

तो देवळाचं अंगण झाडत होता. मान वर न करता म्हणाला, "आहे. आयुष्य मोठं असतं, गुरुजी."

भाचा इंजिनांच्या कामावर लागला. सुट्टीवर आला की तासन्‌तास त्याबद्दल बोलायचा. नंतर त्याची बदली उत्तरेला डोंगराळ भागात झाली, आणि २००१ च्या पावसाळ्याआधी एका संध्याकाळी त्याचा फोन आला. फोन गावात माझ्याकडे होता.

"मामा, इथे वाईट काही नाही," तो म्हणाला. "काम आवडतं. पण आई एकटी आहे, ते डोक्यातून जात नाही. तेवढ्या कारणासाठी अर्ज केला तर कदाचित सोडतील म्हणतात. आईनं मागणी करायला हवी. तिला बोलाव ना."

बहीण धावत आली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही रे बाबा. मागायचं असतं, तर तू निघालास तेव्हाच मागितलं असतं. देवीनं पाठवलंय तुला, मी कोण परत बोलावणारी? तिचा शब्द मोडून बोलावलं आणि काही झालं तर?"

बोलता बोलता तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान डोलवावी म्हणून. सांगायची वेळ ती होती. डावा होता, बोलाव त्याला, एवढंच म्हणायचं होतं. मी मान डोलावली.

तो तिथेच राहिला. त्याच पावसात सामान घेऊन जाणाऱ्या गाडीवर घाटात दरड आली, आणि त्या गाडीत तो होता. कोणाचीही चूक नव्हती. विमान नव्हतं, युद्ध नव्हतं. डोंगर सुटला आणि खाली आला. त्याला आणायला आम्ही गेलो तेव्हा मला त्याच्या शवपेटीला खांदा द्यायचा होता. मी मुद्दाम उजवी बाजू धरली. असल्या वेळी माणूस काय काय करतो.

तेराव्यानंतर बहिणीनं विचारलं, "दादा, देवीनं उजवाच दिला होता ना?"

"होय," मी म्हणालो.

"मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

ते ती शोधत राहिली. कधी तरी नवस बोलून विसरले असेन, म्हणायची. कधी म्हणायची, फोनवर 'काही झालं तर' असं अभद्र बोलले, तेच लागलं. मासे सोडले, पायांत वहाणा घालणं सोडलं. दर मंगळवारी अनवाणी देवळात जाऊन नाक घासून माफी मागायची. तिला देवळाच्या पायऱ्या जमेनाशा झाल्यावर सोबत म्हणून मी जायचो. ती आत माफी मागायची आणि मी खांबाशी उभा राहायचो. गुरव दोघांनाही तीर्थ द्यायचा. पुढे तोही गेला, आणि खरं ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

एका मंगळवारी मी ठरवूनच गेलो. वाक्य रस्त्यात घोकलं होतं. पूजा झाली, ती काठी टेकत बाहेर आली. भाचा त्या दिवशी बसला होता त्याच पाराजवळ आम्ही थांबलो. पाऊस नुकताच पडून गेला होता.

"अगो, ऐक," मी म्हणालो. "त्या दिवशी गाभाऱ्यात..."

तिनं माझा हात धरला. "जपून उतर दादा," ती म्हणाली, "पायरी निसरडी आहे. तुला काही झालं तर मला कोण आहे?"

मी जपून उतरलो. तिचा हात घट्ट धरून उतरलो. पुढच्या मंगळवारी सांगू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. त्या हिवाळ्यात ती गेली. घोकलेलं वाक्य फार लहान होतं. डावा होता गो, तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं, मला माफ कर.