म्हशीची भावकी

समोरून म्हैस आली की बाई आधी तिच्या मागच्या पायांचे घोटे बघायच्या. मग मालकाला सांगायच्या, "पावणं, देवमासा मासा न्हाय बरं का. तुमच्या म्हशीची लांबची भावकी हाय." मालक मान डोलवायचा आणि जरा भरभर चालू लागायचा.

बाई आमच्या गल्लीत भाड्यानं राहत. देवमाशांचे पूर्वज चार पायांवर चालायचे, ते पाण्यात कसे गेले, यावर त्यांचं संशोधन. पुरावा म्हणे घोट्याच्या हाडात: त्या पूर्वजांचं आणि गाई-म्हशींचं हे हाड एकाच घडणीचं. त्यांचं गाव हुपरी, घरी चांदीचे पैंजण घडायचे. "आमच्या घराण्याचं लक्ष पहिल्यापासनं घोट्याकडंच," असं त्या गंभीरपणे सांगत.

तुम्ही विचारलं असतं तेच आम्हीही विचारलं, की कोल्हापुरात समुद्र कुठाय?

"हाडाला पाणी लागत न्हाय," बाई म्हणाल्या.

एके सकाळी कोकणातून फोन आला. देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं. गाडी माझी, म्हणून मीही गेलो.

पिल्लू म्हणजे दुधाच्या टेम्पोएवढं. श्वास सोडला की भात्यासारखा आवाज यायचा. भोवती मोबाइल धरून गर्दी. बाई ओरडल्या, "पावणं, फोटो काढा की! पर दुसऱ्या हातात बादली पायजे." थोड्या वेळात सगळा गाव त्याच्या अंगावर पाणी ओतत होता.

भरतीला कोळ्यांनी ते ओढून खोल पाण्यात सोडलं. ते परत आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा आलं. आई कुठं दिसत नव्हती. संध्याकाळी त्यानं जीव सोडला.

बाई वाळूतच बसल्या. "आयुष्यभर हाडं बघितली ओ. जित्ता आजच बघितला."

महिन्याभरात त्यांनी खोली सोडली आणि किनाऱ्यावर राहायला गेल्या. अडकलेला देवमासा कसा सोडवायचा, ते कोळ्यांना शिकवायला.

"आणि संशोधन?" मी विचारलं.

"हाडं थांबत्यात. त्यास्नी कुठं जायचंय?"

गेल्या वर्षी मी भेटायला गेलो, तर बाई धक्क्यावर येरझाऱ्या घालत होत्या. जाळ्यात गुरफटलेला एक देवमासा सोडवायला होडी गेली होती. बाईंना होडी लागते, म्हणून त्या काठावर.

होडी परतली. ती हाकणारा तांडेल उतरत म्हणाला, "जाळं कापलं, मॅडम. गेला तो."

"माघारी आला न्हाय न्हवं?"

"नाय. मागं वळून पण बघितलान नाय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

मी निघालो तरी त्या तिथंच उभ्या होत्या. समोर नुसता रिकामा समुद्र. रिकाम्या जागेकडं इतक्या समाधानानं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.