एकोणचाळीस जणांनी ऐकलं नाही

सकाळी सव्वासात वाजले की जननीच्या पोटात दुखू लागे, आणि त्याच घटकेला मुरलीकृष्णाच्या पायांना भिंगरी लागे. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, तिथून दारापर्यंत, दारातून परत. खिशातला टेस्टर काढून तो स्विचबोर्डाचा घट्टच असलेला स्क्रू आणखी घट्ट करी. सात वर्षांची, दुसरीतली जननी गणवेश घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून, पोट धरून खुर्चीत बसलेली असे.

"स्टमक?" तो विचारी.

"येस अप्पा."

"टू मच?"

"नो अप्पा."

"देन गो."

बापलेकीचं दिवसभराचं बोलणं बहुतेक एवढ्यातच आटपे. दोन डॉक्टर झाले होते. एकाने जंतांचं औषध दिलं, दुसऱ्याने पोट चाचपून काही नाही म्हणून सांगितलं. काही नाही, तर मग रोज सव्वासातालाच कसं दुखतं, आणि सुटीच्या दिवशी कसं दुखत नाही, हे मुरलीला उमगत नव्हतं. शाळेची बाटली भरलेलीच परत येई. संध्याकाळी त्याची बायको साईप्रिया ते पाणी तुळशीला ओती आणि पुटपुटे, "आमची तुळस मात्र दुसरीत पहिली येणार बघा."

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत त्यांचं भाड्याचं घर होतं; मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्यांपैकी हे कुटुंब, घरात बोलायचं ते मराठीच. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर मुरलीचं मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या जळलेल्या मोटरी त्याच्याकडे येत. मोटर चालू करून तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावी, मूठ आपल्या कानाशी धरी, डोळे मिटे आणि सांगे, "मागचं बेअरिंग गेलं. कॉइल चांगली आहे." खोलून पाहिलं तर तसंच निघे. दोन तालुक्यांतले शेतकरी त्याच्या कानावर भरवसा ठेवून येत.

हा माणूस दहावीपर्यंत तमिळ माध्यमात शिकला, मग आयटीआय केलं. बावीस वर्षांचा असताना कोइम्बतूरला पंपांच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला होता. समोर ठेवलेल्या मोटरीचा बिघाड त्याने कान लावून ओळखला. पण साहेबाने इंग्रजीत "सांग कसं ओळखलंस" म्हटलं, तेव्हा त्याला एक वाक्य जुळवता आलं नाही, आणि नोकरी हुकली. परतीच्या बसमध्ये तिरुचीपर्यंत तो उभाच राहिला होता. बसायला जागा होती, तरी उभा.

म्हणून जूनमध्ये, जननीची इंग्रजी माध्यमाची शाळा उघडल्यावर पालकांच्या पहिल्या सभेत तिच्या वर्गाच्या लक्ष्मीप्रिया मिस म्हणाल्या, "घरी मुलांशी इंग्रजीतच बोला," तेव्हा मुरलीने ते वाक्य खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. घरी येऊन फ्रिजवर कागद चिकटवला : फक्त इंग्लिश. मराठी बंद, तमिळही बंद.

तमिळ बंद करणं अवघड होतं, ती रस्त्यावर, दुकानात, टीव्हीत सगळीकडे होती. मराठीचं तसं नव्हतं. ती या चार भिंतींत आणि गल्लीतल्या पाचसात घरांतच होती. तिचं दार लावलं तर बाहेर कुणाला कळणारही नव्हतं.

सगळ्यांत जास्त पंचाईत झाली मुरलीच्या वडिलांची. वेंकटराव टाउन बसचे निवृत्त कंडक्टर. नातीमुळे सगळं घर त्यांना ताता म्हणे. एकतीस वर्षांच्या नोकरीतून त्यांच्या पदरात पडलेलं इंग्रजी मोजकं होतं. जननी शाळेतून आली की ते म्हणत, "वेलकम! सीट!" ताट पुढे आलं की "होल्ड ऑन!" आणि शेवटचा घास गेला की, बस सोडताना ओरडत तसं, "राइट, राइट!" पहिले दोन दिवस जननी हसून हसून लोळली. तिसऱ्या दिवशी हसली नाही. मग तातांनाही आपलं आपल्याला कसंसंच वाटू लागलं, आणि ते तिच्या वेळेला पेपर तोंडापुढे धरून बसू लागले. पूर्वी ह्याच वेळेला ते तिला बसमध्ये कोण कसं भांडलं, कुणाची कोंबडी कुणाच्या टोपलीत शिरली, ते सांगत असत.

साईप्रिया औषधाच्या दुकानात काम करी, तिचं इंग्रजी नवऱ्याहून बरं. एका रात्री, जननी झोपल्यावर, जेवताना तिने त्याला सुनावलं, "तुमचं इंग्लिश म्हणजे औषधाची चिठ्ठी आहे. इट. वॉश. स्लीप. दिवसातून तीनदा, जेवणानंतर."

"शिकेल. आता कडू लागतं," तो म्हणाला, आणि उठून पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसला.

त्याला एक गोष्ट मात्र आठवे आणि ती आठवली की तो उगीच खिसा चाचपी. नियम लागून पाच दिवस झाले असतील. जननी शाळेतून धावत आली होती, चप्पल न काढता, चेहरा लालबुंद. "अप्पा, आज शाळेंत मज..." त्याने बोट वर केलं. "इंग्लिश, जननी." तिने तोंड उघडलं, मिटलं. "टुडे... अप्पा, टुडे आय..." बराच वेळ तिचे ओठ हलत राहिले. मग ती म्हणाली, "नथिंग." आणि चप्पल काढून जागेवर ठेवली.

सप्टेंबरात तिमाही परीक्षा झाली आणि शुक्रवारी मिसनी बोलावणं धाडलं.

वर्गातल्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन मुरली बसला, आणि लगेच उठला. लक्ष्मीप्रिया मिस पस्तिशीच्या असतील. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "बसा हो. तोंडी परीक्षेत जननी एक शब्द बोलली नाही. इंग्रजीत नाही, तमिळमध्ये नाही. लिहिते चांगलं. पण मैत्रिणींशीसुद्धा बोलत नाही. मोठ्या मॅडम म्हणतात, सुटीनंतर तिला काही दिवस पहिलीत बसवून पाहू."

"पहिलीत?" मुरली खिडकीशी गेला, परत आला. "मिस, मी काही कमी केलं नाही. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. घरात दुसरी भाषा बंद. माझ्या वडिलांना पण बंद. साडेतीन महिने."

मिसनी विचारलं, "म्हणजे कसं, बंद?"

त्याने सगळं सांगितलं. फ्रिजवरचा कागद, राइट-राइट, सगळं. मिसनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली.

"मुरली सार," त्या हळू म्हणाल्या, "ते वाक्य मी दर वर्षी म्हणते. आम्हाला म्हणायला सांगतात म्हणून म्हणते. यंदाही चाळीस पालकांना सांगितलं. एकोणचाळीस जणांनी ऐकलं नाही. घरी जाऊन आपापल्या भाषेत भांडले, हसले, गोष्टी सांगितल्या. ऐकणारे तुम्ही एकटेच निघालात." मग म्हणाल्या, "आणि तेवढ्यापुरती चूक माझी आहे. जिला घरी बोलायला माणूस नाही, ती इथे येऊन काय बोलणार? आजच्या आज तो कागद काढा."

मुरलीने घरी पोचल्या पोचल्या कागद काढला. टेप निघेना, तर टेस्टरने खरवडून काढली. मग जननीसमोर मांडी घालून बसला. "आतां बोल गो. आपलंच बोल. काय पाहिजे तें बोल."

जननीने आधी फ्रिजकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "येस अप्पा," ती म्हणाली.

तातांनी पेपर बाजूला टाकला. "अगो, कोंबडीचं सांगूं? टोपलीतल्या?"

"नो ताता. थँक्यू."

त्या रात्री मुरलीने घरातलं एकही यंत्र धड राहू दिलं नाही. मिक्सर खोलला, इस्त्री खोलली. "आतां मज खोलूं नका म्हणजे झालं," साईप्रिया म्हणाली आणि मग डोळे पुसत भिंतीकडे तोंड करून झोपली. कडीकुलूप लावताना माणूस एकदा हात फिरवतो, की झालं. काढताना मात्र किल्ली फिरता फिरत नाही, असं काहीसं त्याच्या मनात घोळत होतं.

शनिवारी शाळा नव्हती. साईप्रियाला दुकानाची पाळी होती, तातांना दात दाखवायला जायचं होतं. मुरलीने जननीला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि दुकानात नेलं. ओरत्तनाडूकडचे एक शेतकरी पहाटेच मोटर टाकून गेले होते. मुरली कामाला लागला, आणि काम करता करता तोंडाने चालूच ठेवलं, आपल्याच भाषेत, जसं तिच्या जन्मापासून जूनपर्यंत चालत आलं होतं तसं. "हे बघ, हें तांबं. हें असकें, सगळंच, मोजून गुंडाळायचं. एक फेरा चुकला की मोटर रुसली." तिने स्टूल जवळ सरकवून घेतलं.

मोटर चालू केली तर घरघरू लागली. मुरलीने सवयीने स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. उघडले तेव्हा जननी अगदी त्याच्या कोपराशी उभी होती. त्याने मूठ पुसली आणि तिच्या कानाशी धरली.

"काय ऐकूं येतं?"

तिने डोळे मिटले. रस्त्यावरून एक बस गेली, दुसरी गेली. मुरलीला पाय हलवावासा वाटला. त्याने तो हलवला नाही.

"आंत कोण तरी आहे," जननी म्हणाली.

"कोण?"

"मज ठाऊक नाही. दार वाजवतंय." मग डोळे न उघडताच, "मी पण वाजवलें होतें."

मुरलीने मोटर बंद केली. "कोठें, बाळा?"

एकदा सुरू झालं ते थांबेना. शाळेतलं शेवटचं बाथरूम. आतली कडी बसली ती निघेना. तिने वाजवलं, ओरडली, घंटा झाली, मुलं वर्गात गेली, पायांचे आवाज संपले. किती वेळ, तिला ठाऊक नाही. मग शाळेतल्या आयाअम्माने धक्के मारून दार उघडलं आणि कडीशी खेळते म्हणून तिलाच रागावली. त्या दिवसापासून ती शाळेत बाथरूमला गेली नव्हती. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हती. दुपारपर्यंत पोट दुखे. पुढे सकाळीच, आठवणीने, दुखू लागलं.

"मज सांगायचं होतं अप्पा," ती म्हणाली. "कडीला काय म्हणतात तें येत नव्हतं. अडकले म्हणायला पण येत नव्हतं."

मुरली तांब्याच्या तारेच्या रिळावर बसला. जवळ स्टूल होतं, त्याला दिसलं नाही. दोन तालुक्यांतल्या मोटरींचं दुखणं ओळखणाऱ्या ह्या कानापर्यंत, आपण बोट उभं केलं म्हणून, पोरीचं पोहोचलं नव्हतं. त्याने तिला मांडीवर घेतलं. तिच्या शाळेच्या नव्हे, घरच्या फ्रॉकला ग्रीसचा डाग पडला. साईप्रिया रागावणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी तो हत्यारांची पिशवी घेऊनच शाळेत गेला. ऐकता ऐकता लक्ष्मीप्रिया मिसचा चेहरा उतरत गेला. त्या शेवटच्या बाथरूमशी गेल्या, आत शिरल्या आणि त्यांनी कडी लावली. एक-दोनदा खडखडलं. मग पुन्हा. मग आतून, जरा चढ्या आवाजात, "सार?"

मुरलीने फटीतून पाना घालून कडी उचलली. मिस बाहेर आल्या त्या घामाने भिजून. जननी त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"मिस," ती तमिळमध्ये म्हणाली. जूनपासून मिसनी ऐकलेला तिचा पहिला शब्द. "माझ्या वेळेला तुमच्याहून जास्त वेळ झाला होता."

"हो कण्णा," मिस तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "आणि आयाअम्मा रागावली ते चुकलं. मी विचारलं नाही, तेही चुकलं. पहिलीत-बिहिलीत तुला कुणी बसवणार नाही, मी मोठ्या मॅडमना सांगते." मग मुरलीकडे वळून, "सगळ्याच कड्या काढा सार. पाचही."

त्याने पाचही काढल्या आणि लहान बोटांनी सहज उचलता येतील असे साधे हूक बसवले. मधल्या सुटीची घंटा झाली. जननी शेवटच्या दारासमोर उभी राहिली. बाटलीतलं पाणी तिने वर्गातच अर्धं संपवलं होतं, आणि आता तिला दम धरवत नव्हता. तरी पाऊल उचलेना.

"तुम्ही असके, दोघेही, येथेंच राहा," तिने बजावलं. मिसना तेच तमिळमध्ये सांगितलं. आत गेली. हूक पडल्याचा बारीक आवाज आला.

"अप्पा, आहांत?"

"आहें गो."

"मिस?"

"आहेत. तुझ्या दारालाच टेकल्यात."

"जायचं नाही हां. मी बोलत राहणार, तुम्ही बोलत राहायचं. अप्पा, ताताच्या कोंबडीचं पुढें काय झालं? टोपलीतल्या?"

ती गोष्ट मुरलीने लहानपणी शंभरदा ऐकली होती. बंद दाराकडे तोंड करून, हातात पाना धरून, तो ती सांगू लागला. मिसना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या ऐकत होत्या. पोरं येत-जात होती, त्याच्याकडे बघून हसत होती. मुरली जागचा हलला नाही.