काही न करणाऱ्या मुलाचं पुस्तक

कुसुमअक्का मुलांचं चित्रपुस्तक नेहमी शेवटून उघडायच्या. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या छोट्याशा प्रकाशनात नवी पुस्तकं आली की चहा यायच्या आधी त्या एकेक उचलत, शेवटची दोन पानं बघत आणि म्हणत, "बघू, ह्याला काय करावं लागलं." 'हा' म्हणजे त्या पुस्तकातला वेगळा कोणीतरी. लंगडा हत्ती, न बोलणारा पोपट, पाटीवर उलटं लिहिणारी मुलगी. वेगळ्या मुलांना आपलं म्हणा, असं सांगणाऱ्या पुस्तकांची तेव्हा लाटच आली होती. हत्तीने पुरातून सगळ्यांना वाचवलेलं असे, पोपटाने चोर पकडून दिलेला असे, मग सगळे टाळ्या वाजवून त्याला आपल्यात घेत. "घेतलं बाबा एकदाचं," असं म्हणून अक्का पुस्तक मिटत आणि चहाकडे वळत.

अक्का मूळच्या निपाणीच्या. महादेवपुऱ्यात आयटी पार्क यायच्या कितीतरी आधी त्यांच्या वडिलांनी तिथे घर बांधलं होतं. अक्का एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या. जन्मभर यंत्रांचे नकाशे काढून निवृत्त झाल्या आणि मग आमच्यासाठी हत्ती आणि पोपट काढायला लागल्या. त्यांच्या हत्तींच्या गुडघ्यांना नटबोल्ट आहेत असं मला उगाच वाटे. मी पुण्याहून आलेली, मराठी पुस्तकांचं काम बघणारी. अक्कांच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. चित्र कधी देणार, असं विचारलं की त्या म्हणत, "स्वल्प थांब गं, हत्ती आंघोळीला गेलाय."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, हे मी विचारलं नाही, कारण पहिल्यांदा घरी गेले तेव्हा दार दत्तूने उघडलं. दत्तू त्यांचा धाकटा भाऊ, पन्नाशी उलटलेला. बोलत नसे. हातात डब्याचं स्टीलचं झाकण असे, ते तो दिवसभर फिरवत बसे. निळ्या चौकड्यांचाच शर्ट घालायचा, दुसरा चढवला तर काढून फेकायचा, म्हणून तेच कापड शोधत अक्का चिकपेटेच्या कापडबाजारात उन्हातान्हाची पायपीट करत. संध्याकाळी तो शेजारच्या अपार्टमेंटच्या फाटकाबाहेर उभा राहून आत खेळणारी मुलं बघे. मुलं घाबरतात, अशी तक्रार आईबापांनी दोनतीनदा केली होती. अक्का मला म्हणाल्या, "घाबरायला मुलांना वेळ कुठाय? खेळत असतात की ती." पण संध्याकाळ झाली की त्यांचं लक्ष फाटकाकडे लागलेलं असे. दत्तूला तिथून कोणी हाकलू नये, त्यांना एवढंच हवं होतं.

त्याच काळात त्या स्वतःची गोष्ट घेऊन आल्या. झाकण फिरवणारा एक मुलगा खेळाच्या कडेला उभा असतो. मुलं आधी लांबून जातात, मग जवळून, आणि शेवटच्या चित्रात तो मध्ये उभा आहे, झाकण फिरवतोय, आणि खेळ त्याच्या भोवतीने चाललाय. आमचा प्रकाशक राघव याला चित्रं फार आवडली.

"पण अक्का, ह्यात काही घडतच नाही. समजा, बिल्डिंगला आग लागते आणि तो झाकण वाजवून सगळ्यांना अलर्ट करतो. मग सगळे त्याला उचलून घेतात. स्कूल्सना हे जाम आवडेल."

"आणि आग नाही लागली तर?"

"म्हणजे?"

"नाही लागली तर खेळायला घेणार नाहीत काय त्याला?"

राघव हसला. शाळा टाळ्यांचीच पानं विकत घेतात, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अक्कांनी चित्रं गोळा केली, फाइलची नाडी बांधली आणि ऑटो करून घरी गेल्या.

पुढे काही महिन्यांनी खरोखरच घडलं. अपार्टमेंटमधली एक लहानगी फाटकातून धावत रस्त्यावर आली, समोरून पाण्याचा टँकर येत होता, आणि दत्तूने तिचा फ्रॉक घट्ट धरला. मग काय विचारता. शाल आली, नारळ आला, फोटो निघाले, आणि फाटकाच्या आत त्याच्यासाठी एक बाक ठेवला गेला. 'मी म्हणत नव्हतो?' असं राघवने मला ऐकवून घेतलं. अक्का फोनवर म्हणाल्या, "आत बसतोय गं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच राग आला."

झालेलं कौतुक दत्तूच्या डोक्यात पक्कं बसलं. तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलाचा शर्ट, फ्रॉक धरायला लागला. टँकर नव्हता, रस्ता नव्हता, तरी धरायचा. त्यात एक मुलगी पडली, गुडघा फुटला. तिच्या आईने आरडाओरडा केला, बाक हलवला गेला आणि दत्तू पुन्हा फाटकाबाहेर आला.

अक्का भांडल्या नाहीत. आमच्या ऑफिसात आल्या, फाइल टेबलावर ठेवली आणि राघवला सगळं सांगितलं. "त्याला वाटलं, हेच आपलं काम. हे केलं की घेतात. आता आगीशिवाय छापतोस काय?" राघव बराच वेळ चित्रं उलटत राहिला, मग 'छापू या' म्हणाला. पुस्तक निघालं. अजून हळूहळूच खपतं.

गेल्या वर्षी अक्कांना पोटाचं दुखणं निघालं आणि हॉस्पिटलात राहावं लागलं. दत्तूला निपाणीच्या चुलतभावाने नेलं. त्याचं तिथे किराणा दुकान आहे. आपल्यामागे ते दत्तूला ठेवून घेतील का, ही एकच काळजी अक्कांना होती. म्हणून मी त्या चुलतभावाला फोन केला आणि खुशालीची बातमी घेऊन गेले. "दत्तू मजेत आहे. दुकानात मदत करतो, साबणाच्या वड्या रचून ठेवतो."

अक्कांचा चेहरा उतरला. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "नाही रचल्या तर ठेवतील काय गं? विचार की."

असं कसं विचारायचं, मला कळेना. पण त्यांची नजर हलेना, म्हणून तिथूनच फोन लावला, स्पीकर सुरू केला. भाऊ बाहेर गेले होते, वहिनींनी उचलला. मी चाचरत विचारलं, "वहिनी, दत्तूने वड्या नाही रचल्या तर चालेल ना?"

"रचतोय कुठला? ह्यांनी आपलं तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. आम्ही रचलेल्या ढकलून देतोय. ढीग पडला की हसतोय. मग आम्ही परत रचत बसतो."

"रोज?" अक्कांनी खाटेवरूनच विचारलं.

"रोज की हो अक्का. त्याशिवाय जेवतोय कुठं."

तो अक्कांचा शेवटचा आठवडा होता. त्या हसल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे मग तिथंच."