स्वयंपाकघरापर्यंतचा पत्ता

एका खोलीतल्या संगणकावर नीट उघडणारे पान त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत का उघडत नाही? संगणकाची शिक्षिका म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी अनेकदा फळ्यावर लिहिले होते. ते मला खरे समजले कोलार रोडवरच्या आमच्या शेजारच्या काकांमुळे.

काका कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते. कॉलनीत कोणाचा इंटरकॉम दुरुस्त केला, तरी हातातल्या रिसीव्हरमधली घरघर त्यांना पुरत नसे. घरमालकाला ते दुसऱ्या टोकाला पिटाळत आणि म्हणत, "पलीकडून सांगा." पलीकडून शब्द ऐकू आल्याशिवाय त्यांनी पेचकस कधी खिशात ठेवला नाही.

पुढे घशाचे ऑपरेशन झाले, श्वासासाठी गळ्यात नळी बसली आणि त्यांचा आवाज गेला. घरात पाटी आली. पण पाटी वाचायला माणूस समोर असावा लागतो. काका पलंगावर, काकू स्वयंपाकघरात आणि मध्ये दोन भिंती.

तेव्हा काकांनी स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पलंगाशेजारच्या जुन्या संगणकावर त्यांनी टाइप करायचे आणि ते स्वयंपाकघरातल्या टॅबवर एका पानात मोठ्या अक्षरांत दिसायचे.

"काका, व्हॉट्सअ‍ॅप आहे की," मी म्हणाले.

त्यांनी पाटीवर लिहिले, 'रस्ता खणला की नेट जातं. घरातल्या घरात बोलायला बाहेर कशाला जायचं?' खाली आणखी एक ओळ लिहिली. 'आणि फोनवर तिचं लक्ष नसतं. भाजीकडे असतं.'

पहिल्याच दिवशी काकूंची हाक आली. त्या मूळच्या नागपूरच्या. "बाई, या हो जरा! इथं काहीच दिसून नाही राहिलं, अन् हे तिकडून हातवारे करून राहिले."

मी पाहिले. काकांच्या संगणकावर पान उत्तम चालत होते. परंतु प्रत्येक संगणकाला केवळ स्वतःशी बोलण्यासाठी एक पत्ता असतो, १२७.०.०.१. प्रोग्रॅम फक्त त्याच पत्त्यावर कान देऊन बसला होता. भिंतीपलीकडची हाक त्याला ऐकूच येत नव्हती.

"काका, तुम्ही हे पलीकडून तपासलं नाहीत?"

त्यांनी मान खाली घातली. मग लिहिले, 'तिला अर्धवट दाखवायचं नव्हतं.'

मी त्या जागी ०.०.०.० लिहिले, म्हणजे घरातल्या जाळ्यावरून येणारी हाकही प्रोग्रॅम ऐकेल. फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्या हाका अडवणाऱ्या संगणकाच्या पहाऱ्यात, त्याच्यापुरती वाट मोकळी केली. मग काकांच्या संगणकाचा घरातला पत्ता, १९२.१६८.१.७, टॅबवर टाकला. काकांनी पहिले वाक्य लिहिले, 'भाजी काय?'

"दोडकं!" काकू आतून ओरडल्या. "अन् तोंड वाकडं करू नका, मला इथून समजते!"

नंतर त्यांनी स्वच्छच असलेला टॅब पदराने पुसला.

काही आठवड्यांनी एका दुपारी वीज बराच वेळ गेली. परत आली तेव्हा राउटर, म्हणजे घरातल्या जाळ्यावर पत्ते वाटणारा डबा, नव्याने सुरू झाला आणि त्याने काकांच्या संगणकाला निराळा पत्ता दिला. टॅब जुन्या पत्त्यावरच राहिला. त्याच्यावर सकाळचे वाक्य तसेच होते, 'चहा नको.' काकूंनी ते पाहिले आणि त्या निवांत पोळ्या लाटत राहिल्या. भिंतीपलीकडे काकांनी लिहिले होते, 'श्वास अडकतोय. ये.' शेवटी त्यांनी स्टीलचे ताट जमिनीवर फेकले, तेव्हा काकू धावल्या. गळ्यातली नळी कफाने भरली होती. ती साफ झाली, काका वाचले.

पत्ता बदलू शकतो हे मला माहीत होते. मी ते सांगितले नव्हते. काकांनी दोष दिला नाही. त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. 'कायमचा कसा करायचा?'

राउटरमध्ये त्यांच्या संगणकाच्या नावावर एक पत्ता राखून ठेवता येतो. मी तो राखला. संगणकाशी संपर्क तुटला तर टॅबचा पडदा लाल व्हावा, अशी सोय काकांनी स्वतः केली. मग त्यांनी मेन स्विचकडे बोट दाखवले. मी स्विच पाडला, पुन्हा लावला. काकू आणि मी ओट्याशी उभ्या राहिलो. काही वेळ पडदा लाल होता. मग अक्षरे आली, 'दिसतंय का?'

 काकू तशाच काकांच्या खोलीत गेल्या.

हिवाळ्यात काका गेले. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सकाळी बोलावलं त्यांनी. मी पोहोचली, बाई. हात धरला होता मी."

माझे उत्तर वर लिहिले आहे, पण केवळ माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या घरी असे काही बसवलेत, तर एकदा मेन स्विच बंद करून पुन्हा लावा, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन पान उघडते का, हे स्वतः पाहा.