खूनवाल्या बाई

आमच्या मराठीच्या बाई भर वर्गात खून वाचायच्या, म्हणून निपाणीभर त्यांचं नाव ‘खूनवाल्या बाई’ पडलं होतं. नववीला त्यांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत किशोरांसाठीची एक रहस्यकादंबरी वाचायला घेतली. शाळेतल्या एका पोराचा खून होतो आणि त्याच्याच वर्गातल्या दोन मुली तपास करतात, अशी ती गोष्ट. ऐन रंगात आली की बाई पुस्तक मिटायच्या. “बाई, आजून एकच पान!” आम्ही ओरडायचो. त्या ऐकतील तर शपथ.

पहिल्याच शनिवारी सगळ्या वर्गाने गोष्टीतल्या वखारीच्या रखवालदाराला खुनी ठरवलं. का, तर तो दारू प्यायचा आणि परगावचा होता. बाई भडकल्या. “खुनी कोण ते राहू दे. तुला कसं कळलं ते सांग.” हे त्यांनी पुढं दर शनिवारी आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं.

एकदा त्यांनी घरचा अभ्यास दिला: काल संध्याकाळी घरातलं एक माणूस कुठं गेलं होतं, ते त्याला न विचारता शोधून काढा. मी आप्पांना निवडलं. माझे वडील शाळेच्या कमिटीवर. सीमाभागातल्या मराठीसाठी कुठंही सभा असो, हे पहिल्या रांगेत. त्या दिवशीही मराठी शाळा वाचवायच्या बैठकीला जातो म्हणून गेले होते. पण कपाटातून धाकट्या भावाचा जन्मदाखला आणि दोन फोटो गायब होते, आणि सदऱ्याच्या खिशात इंग्रजी शाळेच्या प्रवेशफॉर्मची पावती होती. मी लिहिलं, आप्पा भावाचं नाव घालायला इंग्रजी शाळेत गेले होते. बाईंनी खाली शेरा दिला, ‘पुरावा पक्का.’

ती वही आप्पांच्या हाती लागली.

“मराठीच्या तासाला पोरांस्नी खून शिकवत्यात व्हय? लई झालं! घे कागद, लिही.”

तक्रारअर्ज त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतला. त्यात खून, विष, कोवळ्या मनावरचे परिणाम, सगळं होतं. जन्मदाखला तेवढा नव्हता. माझं काही चाललं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी तोंडच उघडलं नाही. आप्पांचा मला आजही राग येतो, आणि त्याहून जास्त माझा. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. आठवड्यात त्यांना काढलं, गोष्ट अर्धीच राहिली. नव्या सरांनी निबंध पाठ करायला दिले आणि वर्ग एकदम गुणी झाला.

मागच्या वर्षी बाई बेळगावच्या बसस्टँडवर भेटल्या. केस पांढरे झालेले, पण नजर तीच.

“बाई, तो अर्ज मी लिहिला होता,” मी एका दमात सांगून टाकलं.

“अक्षर ओळखलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “त्याचं काय न्हाय. तू पोर होतीस. पण मी पुढं मे महिन्यापर्यंत तिथंच होते, शाळेच्या मागच्या गल्लीत. पुस्तक घेऊन. वाटायचं, शेवटी काय झालं म्हणून एक तरी पोर विचारायला येईल. कुणी आलं न्हाय.”

तेवढ्यात निपाणीची गाडी लागली. मी पाया पडले आणि गाडीत चढले. शेवटी काय झालं, ते मी तेव्हाही विचारलं नाही.