आत्याच्या पदराचा माईक

हेवा कसा असतो ते मला विचारा. मी महाडात लग्नाचं शूटिंग करते. माझी आतेबहीण मुंबईत तेच काम करते, पण तिच्या कामाला नुसतं ‘शूट’ म्हणतात. तिला कंपन्यांच्या फिल्म मिळतात; मला हळदी, साखरपुडे आणि कधीतरी एखाद्या शाळेचं गॅदरिंग. माझा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, जुन्या घडणीचा. पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं म्हणून जूनपासूनच तो माझ्या दुकानाच्या गाळ्यातल्या सगळ्यात वरच्या फळीवर जातो. प्रत्येक कामाला स्टुलावर चढून तो उतरवताना माझ्या मनात यायचं, तिला असं स्टुलावर चढावं लागत नसेल.

ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. स्वभावाने वाईट असती तर बरं झालं असतं, कारण मग मला नाव ठेवायला जागा मिळाली असती. पण ती सगळ्यांशी नीट वागते, माझ्याशी तर जास्तच नीट. माझ्या पोटात दुखायचं ते त्यामुळेच.

मी शिकले ती एका स्टुडिओत, अल्बम लावता लावता. हळदीच्या घोळक्यात शूटिंगवाली बाई असली की घरच्यांना बरं वाटतं, म्हणून कॅमेरा माझ्या हातात आला. फोकस, उजेड, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आधी कॅमेऱ्यासमोर कोरा कागद धरणं, हे सगळं चुकत चुकत जमलं. आवाज मात्र मी एका फटक्यात शिकले. दासगावच्या एका लग्नात नवरीच्या आजोबांनी तिला निरोप देताना जवळ घेऊन चार शब्द सांगितले. सगळा मांडव गप्प झाला होता. गाळ्यात येऊन लावून बघते, तर आजोबांचे ओठ हलतायत आणि ऐकू येतोय तो मांडवातला पंखा. माणसाचा कान पंखा गाळून आजोबा ऐकतो, कॅमेऱ्याच्या माईकला काही गाळता येत नाही. त्या दिवसापासून मी आधी कानाला हेडफोन लावते आणि मग कॅमेऱ्याला डोळा.

तेवढा एक गुण माझ्यात होता आणि त्याची मला घमेंड होती. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला तर उठून जातात, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आता आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, या आतेबहिणीची आई. पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीत एकटी राहते. मुलगी शिकायला मुंबईला गेली ती तिकडचीच झाली, त्यामुळे आत्याचं डॉक्टर, बँक, चष्म्याची काडी मोडली तर ती, हे सगळं माझ्याकडे. गौरीच्या दिवसांत गाणी म्हणावीत तर आत्यानेच. तिचं एक लांबलचक गाणं होतं. गौर माहेरी येते आणि आईने एकेक वस्तू पुढे केली की त्या वस्तूवरून सासरची तक्रार सांगते. आत्या ओळ टाकायची आणि बायका झील धरायच्या. पहिली दोन कडवी ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणायची. तिसऱ्याला गळा मोकळा सोडायची, तो समोरच्या वाडीत ऐकू जायचा. तेवढं गाणं येणारी दुसरी बाई आसपासच्या चार वाड्यांत राहिली नव्हती.

ते नीट रेकॉर्ड करावं म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या. दर वेळी एकच उत्तर.

“माझा कसला गो आवाज. नाय, नाय. तुला लग्नाची कामं हायत ना, ती कर.”

मग दोन वर्षांपूर्वी आतेबहीण गौरी-गणपतीला आली. तिला आणायला मी वीर स्टेशनला गेले. गाडीतून ती उतरली आणि तिच्यामागून उतरल्या तीन काळ्या पेट्या. रिक्षावाल्याने एक उचलून बघितली.

“म्याडम, बंदुका हायत का काय?”

“कॅमेरे आहेत, दादा. जरा जपून.”

आणि वाडीत आत्याच्या घरी पोचल्यावर, पायावर पाणी घेता घेता तिने सहज म्हटलं, “आई, यंदा तुझं गाणं मी शूट करणार.” आत्या म्हणाली, “कर की. कुठलं लुगडं नेसू?”

मी तिथेच, पितळी तांब्या हातात घेऊन उभी होते. पिकतं तिथे विकत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण माझ्याच माणसांत, माझ्याच देखत ते इतक्या सहज खरं होईल असं वाटलं नव्हतं. मला सहा वर्षं नाय नाय, आणि हिला एका वाक्यात लुगडं.

उजेड चांगला मिळावा म्हणून गाणं दुपारीच ठेवलं. पडवीत तेरड्याची गौर सजवलेली, समोर आत्या, बाजूने आठ-दहा बायका. आतेबहिणीने एक कॅमेरा स्टँडवर आत्याच्या समोर लावला. दुसरा कोपऱ्यात, सगळी पडवी येईल असा लावून नुसता चालू करून सोडून दिला. तिसरा हातात, हलला तरी चित्र हलू न देणाऱ्या दांड्यावर. मी समोरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावले. माझ्या कॅमेऱ्यात आत्या आली असती तर तिच्यामागे गॅसची टाकी, दोरीवरचे ओले टॉवेल आणि मीटरचा डबाही आला असता. हिच्या लेन्सच्या काचेने ते सगळं पुसट करून टाकलं होतं आणि उरली होती ती फक्त आत्या, तिच्या गालावरच्या सुरकुत्यांसकट. इतकी देखणी आत्या मी कधी बघितली नव्हती. नेहमी बघत असूनही नव्हती, आणि याचाच मला राग आला.

मग तिने आत्याच्या पदराला छोटा माईक लावला. कॉलर माईक म्हणतात त्याला, पण आमच्याकडे तो बहुतेक पदरालाच लागतो, आणि पदर घासला की खसखस येते. त्यासाठी तिने पदर पिनेने पक्का केला. हे तिला माहीत होतं, म्हणजे अगदीच अडाणी नव्हती.

“मी काय करू?” मी विचारलं.

“तू काही करू नकोस, ताई. वर्षभर राबतेस. आज तू पाहुणी. बस मस्त.”

ती प्रेमाने म्हणाली होती. मला ते टोचलं ते टोचलंच.

आवाजाची पातळी लावायला तिने आत्याला काहीतरी बोलायला सांगितलं. आत्याने नैवेद्याला काय काय केलं ते सांगितलं, हळू, लाजत. माईक समोरच्या कॅमेऱ्याला जोडलेला; त्याच्या पडद्यावर आवाजाची एक पट्टी असते. बोलणं हिरव्यात खेळतं, जोर वाढला की पिवळ्यात जातं, आणि शेवटी लाल. आत्याचं बोलणं हिरव्याच्या तळाशीच राहिलं, म्हणून हिने चक्री फिरवून पातळी बरीच वर चढवली. झालं, जमलं, म्हणाली. गाणाऱ्या बाईची पातळी बोलण्यावर लावायची नसते, ती गाण्यावर लावायची असते. आणि माझ्या आत्याची तर तिसऱ्या कडव्यावर. हे त्या पडवीत एकाच माणसाला माहीत होतं आणि त्याला पाहुणं करून बसवलं होतं.

हेडफोन तिने लावले नाहीत. हातातला कॅमेरा घेऊन बायकांमधून फिरायचं होतं, वायर आडवी आली असती.

गाणं सुरू झालं. दोन कडवी हळू गेली. तिसऱ्याला आत्याने गळा सोडला आणि मी उठले. का उठले? सवयीने. समोरच्या कॅमेऱ्यापाशी गेले, वाकून बघितलं. पट्टी सगळीच्या सगळी लाल. आत्याच्या प्रत्येक ओळीला ती शेवटाला जाऊन आपटत होती.

चक्री माझ्या अंगठ्यापासून वीतभर लांब होती. दोन खटके खाली, एवढंच करायचं होतं. नाहीतर आतेबहिणीला नुसता हात करायचा होता. कमी आलेला आवाज मागाहून वाढवता येतो, थोडी खरखर येते. फाटलेला शिवता येत नाही, हे सगळ्या महाडला सांगत फिरणारी बाई मीच.

माझा हात पुढे गेला होता. मग माझ्या मनात आलं, कळू दे एकदा. मुंबईत गेल्यावर कानाला लावेल तेव्हा कळेल, की सगळंच पेट्यांत भरून आणता येत नाही. आणि लगेच मी माझी समजूतही घातली. एवढ्या भारी यंत्रात कमी पातळीचा दुसरा आवाज आपोआप साठत असेल, काहीत तशी सोय असते. पुढच्या वर्षी गौरी आहेतच. आणि मला बस म्हटलंय. मी जागेवर येऊन बसले, पदर सारखा केला आणि झील धरली.

तशी सोय तिच्या यंत्रात होती, पण ती आधी चालू करावी लागते, आणि तिने केली नव्हती. हे मला नंतर कळलं. मुंबईला गेल्यावर तिने फोनवर सांगितलं, “ताई, आवाज फाटलाय गं. जाऊ दे, पुढच्या वर्षी परत घेऊ.” मी म्हटलं, हो, घेऊ. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मार्गशीर्षात आत्याला अर्धांगाचा झटका आला. मीच तिला गाडीत घालून महाडला आणलं. जीव वाचला, पाय थोडा सुधारला, बोलणंही आलं, पण जड, अर्धं तोंडात राहणारं. गाण्याचं डॉक्टरांना विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. एकदा आत्यानेच अंथरुणात पडल्या पडल्या पहिली ओळ म्हणून बघितली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर आठवड्याने आतेबहीण माझ्या गाळ्यात आली, पर्समधून हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली.

“ताई, आवाजातलं तुला कळतं. यातून काही निघतंय का बघ.”

तिने माझं कौतुक करावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली होती. ते या दिवशी मिळालं.

मी हेडफोन लावले. तिसऱ्या कडव्यापासून पुढे आत्या नव्हतीच, पत्र्यावर खडे पडावेत तसं काहीतरी होतं. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात, त्यांचे सगळे माथे वरून छाटलेले. छाटलेल्या माथ्यांत जे होतं ते कुठेच साठलेलं नसतं. दात आहेत तर चणे नाहीत, असं मी माझ्या कानांबद्दल आणि तिच्या पेट्यांबद्दल मनात म्हणत आले होते. त्या दुपारी पडवीत दात आणि चणे दोन्ही होते.

हातातल्या कॅमेऱ्यात जवळच्या बायकांची झीलच भरली होती. राहिला होता कोपऱ्यातला कॅमेरा. त्याच्या स्वतःच्या माईकने लांबूनच ऐकलं होतं, म्हणून तो फाटला नव्हता. आत्या त्यात शेजारच्या घरात गात असल्यासारखी, पण आत्याच. मी तो लावला, आणि बघता बघता चित्रात मी उठले. कॅमेऱ्यापाशी गेले, वाकले, थांबले. हात पुढे केला. हात मागे घेतला. जागेवर बसले, पदर सारखा केला.

आतेबहीण माझ्या शेजारीच बसून चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला. मी घाईघाईने पुढे पळवलं. तिचं लक्ष नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. भांड्यांचा खणखणाट आणि कुणाचं तरी मधलंच खोकणं जमेल तेवढं खाली नेलं, आत्याचा गळा जमेल तेवढा वर आणला. ज्या तुकड्यात मी उठते त्याच्यावर तिच्या हातातल्या कॅमेऱ्याचं चित्र टाकलं, म्हणजे मी झाकली जाईन. पण माझी पाठ कॅमेऱ्याकडून परत जागेवर येते तेवढा एक क्षण शेवटी राहूनच गेला.

वाडीत जाऊन आम्ही ते टीव्हीवर लावलं. आत्याला उशी देऊन बसवलं. ती तिचं स्वतःचं गाणं हलत्या ओठांनी ऐकत होती. तिसऱ्या कडव्याला तिचा बरा हात मांडीवर ठेका धरायला लागला. मग तो थांबला. तिने पडद्याकडे बोट केलं.

“मधीच… उठलीस कशाला गो तू?”

मी रिमोट हातात घेतला.

“बॅटरी बघायला गेली होती, आई,” आतेबहीण म्हणाली. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. “मीच सांगितलं होतं तिला.”

आत्याने मान हलवली आणि पुन्हा ठेका धरला. माझी बहीण माझ्याकडे वळली नाही. गाणं संपेपर्यंत तिने आईचा दुसरा हात, जो हलत नाही तो, हातात धरून ठेवला होता. मी त्या दोघींच्या मागे उभी होते. तिच्या कॅमेऱ्यांचा, काचांचा, तिच्या मुंबईचा, आत्याने तिच्यासाठी नेसलेल्या लुगड्याचा, सगळ्याचा हेवा माझा करून झाला होता. मला असं झाकून घेणारं तिचं मन, हे एकच राहिलं होतं.