अण्णांच्या पिकअपचे आरसे

अण्णांची पिकअप वयानं माझ्याहून थोडी लहान, पण लाड तिचेच जास्त झाले. मला ताप आला की अण्णा म्हणायचे, उतरंल. गाडी खोकली की मात्र त्यांना जेवण जायचं नाही. आमच्या घरात मी थोरली आणि गाडी धाकटी, आणि धाकट्यांचं कौतुक जरा जास्तच असतं हे मी फार पूर्वीच मान्य करून टाकलंय.

दर आठवड्याला गावातल्या शेळ्यामेंढ्या गाडीत घालून पाचोडच्या बाजारात न्यायच्या, हा अण्णांचा नेम. यंदा गाडीचं पासिंग आलं. पुण्याच्या भावानं फोनवर निकाल देऊन टाकला: पास झाली तर ठीक, नाहीतर सरळ भंगारात, वय झालंय आता. गाडीचं की अण्णांचं, ते त्यानं सांगितलं नाही. अण्णा त्याच्याशी वाद घालत नाहीत, फोन माझ्या हातात देतात. त्या दिवशी फोन देता देता हळूच म्हणाले की बाजार बंद झाला तर मी ओसरीवर बसून माशा मारू का? ते चिडून म्हणाले असते तर मी हसले असते. हळू म्हणाले म्हणून झोंबलं. मी अण्णांना गाडीसकट माझ्याकडं, शहरात पुंडलिकनगरला बोलावून घेतलं.

इंजिन ठणठणीत होतं, ब्रेकही लागत होते. घोडं अडलं होतं आरशांवर. दोन्ही आरशांच्या दांड्या गंजून पापडासारख्या झालेल्या. डावा आरसा सुतळीनं बांधलेला, उजव्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी वाळूजच्या एका कारखान्यात नटबोल्ट तपासायचं काम करते. दिवसभर चकचकीत बोल्ट बघणाऱ्या बाईच्या घरच्या गाडीला सुतळी म्हणजे दिव्याखाली अंधारच.

आदल्या दिवशीच बोल्टांना डिझेल पाजून ठेवलं होतं. तरी सकाळी एकही हलेना. आमच्या गल्लीत बाईच्या हातात पाना दिसला की प्रत्येक पुरुषातला मेकॅनिक जागा होतो. कुणी म्हणे हातोडी मारा, कुणी म्हणे गरम करा, एकानं तर सरळ मुहूर्त चुकल्याचं सांगितलं. मी सगळ्यांना चहा पाजला आणि कुणाचंही ऐकलं नाही. जोर लावला तर एका बोल्टचं डोकंच तुटून हातात आलं. मग करवतीनं कापत बसले. अण्णा शेजारी उकिडवे बसून, दाढ उपटताना नातेवाईक बघतात तसे बघत होते.

या गाडीच्या दांड्या आता कुठं मिळतात? जाफरगेटच्या जुन्या सामानाच्या दुकानदारानं आधी मला ट्रॅक्टरचे आरसे गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मी तोंड वाकडं केल्यावर आतून दुसऱ्याच कुठल्या टेम्पोच्या दांड्या काढल्या. भोकं थोडी मोठी करावी लागली, पण बसल्या. गंज घासला, लाल रंगाचा हात दिला आणि न गंजणारे बोल्ट आवळले. मग अण्णा स्टिअरिंगवर बसले आणि आरसे लावून घेऊ लागले. अजून खाली, अजून आत, अजून थोडा. मी निमूटपणे वाकवत गेले. त्यांच्या मनासारखे झाले तेव्हा आम्ही दोघं लई खुश होतो.

पासिंगला तपासणारे साहेब तरुण आणि सभ्य होते. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, मग आत बसले. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, दोन्ही आरशांत गाडीचा हौदाच दिसतोय, मागचा रस्ता कुठंय?

मी आत डोकावून बघितलं, खरंच होतं. लहानपणापासून त्या आरशांत मी मेंढ्यांची तोंडंच बघत आले होते. आरसा त्यासाठीच असतो असं डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की तपासणीचं काम करून पोट भरणाऱ्या मला काही खटकलंच नाही. अण्णा मात्र शांत होते.

"मेंढरावर नजर ठिवावी लागती साहेब. एक जरी खाली बसलं, तर बाकीची तुडवून मारत्यात."

"आणि रस्ता?"

"रस्ता पुढं हाय की."

साहेब हसले. आरसे समोर उभं राहून नीट करून घेतले आणि गाडी पास केली. मी दहावीलासुद्धा एवढी खुश झाले नव्हते. पेढे घेतले, भावाला मुद्दाम फोन केला.

गाव गाठायला आम्ही निघालो. अण्णा चालवत होते, मी शेजारी. हायवे सोडून आतल्या अरुंद रस्त्याला लागलो. अण्णा सारखे आरशात बघू लागले. मागून हॉर्न वाजला. एरवी हॉर्न ऐकला की अण्णा खिडकीतून हात वर करायचे. ओळखीचं कुणीतरी रामराम घालतंय असा त्यांचा समज. आज हात वर गेला नाही.

"ही समदी आपल्याच मागं हायेत का गं?"

मी वळून बघितलं. जीप, टेम्पो, शाळेची बस, बायकोला मागं बसवून निघालेला मोटारसायकलवाला, सगळे आमच्या चालीनं रांगत होते. अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि एकेकाला जाऊ दिलं. सगळ्यात शेवटी एक म्हातारबाबा लुनावरून पुढं गेले. अण्णा हातातलं स्टिअरिंग न सोडता तसेच बसून राहिले. मी म्हणाले, अहो कुणाचं काही अडलं नाही, गेले सगळे. त्यांनी चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"बाजारच्या दिवशी तू येत जा."

ज्यासाठी एवढी खटपट केली, ते अण्णांचं गाडी चालवणंच मी बसवलेल्या आरशांनी घालवलं. मला त्या आरशांचा राग आला, आणि रडूही आलं. अण्णांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढं केला.

बाजारच्या दिवशी सुट्टी टाकून गेले. मेंढ्या चढवून झाल्या. शेजारची सीट मी पुसून ठेवली होती, वर उशीही घातली होती. अण्णा मात्र सरळ मागं गेले आणि फळीवर पाय देऊन हौदात चढले. मी खिडकीतून डोकं काढून म्हणाले, अण्णा, पुढं बसा, लोक मला काय म्हणतील?

एक कोकरू खाली बसायच्या बेतात होतं. त्यांनी ते उचलून मांडीवर घेतलं आणि फळीला पाठ टेकली.

"मागचं मी बघतो. तू पुढं बघ."